स्वतःचा शल्यवैद्य झालेला सेनानी : क्लॉड मार्टिन

ठाणे (प्रतिनिधी) : इसवी सन १७८२ हे साल ठाणेकरांना इतिहासाच्या पुस्तकांतून परिचित आहे. त्या वर्षी १७ मे रोजी महादजी शिंदे यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी मराठ्यांकडून घेतलेले ठाणे व साष्टी बेट त्यांच्याकडेच राहणार, यावर या तहाने शिक्कामोर्तब झाले. खाडीकाठचे कोपरीही त्यात आले. नेमक्या याच उन्हाळ्यात लखनऊमध्ये, गोमतीच्या काठावरील एका प्रशस्त कोठीत, सत्तेचाळीस वर्षांचा एक फ्रेंच गृहस्थ वेगळीच लढाई लढत होता. शत्रू त्याच्या स्वतःच्या मूत्राशयात होता. एक खडा. आणि तो झिजविण्यासाठी त्याने उचललेले शस्त्र होते पोकळ नळीतून आत सारता येईल अशी एक बारीक कानस.

या गृहस्थाचे नाव क्लॉड मार्टिन. लखनऊ, कोलकाता आणि फ्रान्समधील लियों या तीन शहरांतील ‘ला मार्टिनियर’ विद्यालयांचा संस्थापक म्हणून तो आजही ओळखला जातो. वैद्यकाच्या इतिहासात मात्र त्याची नोंद निराळ्या कारणासाठी आहे. मूत्राशयातील खडा शरीर न कापता, मूत्रमार्गातूनच फोडून वा झिजवून काढण्याच्या ज्या उपचाराला आज लिथोट्रिप्सी म्हणतात, त्याचा सर्वात जुन्या नोंदलेल्या प्रयोगांपैकी एक मार्टिनच्या नावावर आहे. त्यात रुग्णही तोच होता आणि शल्यवैद्यही तोच!

आज या माणसाची आठवण करण्याला एक निमित्त आहे. प्रोस्टेट, मूत्रमार्ग किंवा मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांचे मूत्राशय काही काळ, तर काहींचे कायमचे, पुरते रिकामे होत नाही. अशा रुग्णाला घरी सोडताना डॉक्टर त्याला लघवीची नळी, म्हणजेच कॅथेटर, स्वतःच्या हाताने दिवसातून चार ते सहा वेळा कशी घालावी आणि काढावी, हे शिकवतात. ठाणे पूर्वेला कोपरीतील दोन खोल्यांच्या घरातही हे करावे लागू शकते आणि नौपाड्यातील सदनिकेतही. पण याविषयी बोलणारे फारच थोडे. नळी लपविली जाते, पाहुणे आले की स्नानगृहात जाणे टाळले जाते, आणि संकोचापायी ठरलेली वेळ चुकते. सव्वादोनशे वर्षांपूर्वीचा मार्टिन या बाबतीत आपल्यापेक्षा बराच पुढे होता, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

लियों ते लखनऊ

मार्टिनचा जन्म १७३५ च्या जानेवारीत रेशमासाठी प्रसिद्ध असलेल्या लियों शहरात, एका सामान्य कारागीर कुटुंबात झाला. फारसे औपचारिक शिक्षण न घेता तो वयाच्या सोळाव्या वर्षी फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात दाखल झाला आणि पुदुच्चेरीला येऊन पोहोचला. दक्षिणेत इंग्रज व फ्रेंच यांच्यात वर्चस्वाचा झगडा चालू होता. फ्रेंचांची बाजू ढासळू लागली तसा १७६० च्या सुमारास मार्टिन इंग्रजांच्या चाकरीत शिरला. १७६३ मध्ये त्याला कंपनीच्या बंगाल लष्करात एन्साइन हा सर्वात खालचा अधिकारी दर्जा मिळाला. हिंदुस्थानच्या नकाशांचा जनक मानल्या जाणाऱ्या जेम्स रेनेल याच्या हाताखाली त्याने बंगालमध्ये भूमापनाचेही काम केले.

त्याचे नशीब उघडले ते अवधमध्ये. नवाब असफउद्दौला याने १७७५ मध्ये आपली राजधानी फैजाबादहून लखनऊला हलविली. पुढच्याच वर्षी मार्टिन नवाबाच्या शस्त्रागाराचा प्रमुख झाला. तोफा ओतणे, बंदुका दुरुस्त करणे, धातूला पाणी देणे, यंत्रांचे सुटे भाग घडविणे हा त्याचा रोजचा व्यवसाय बनला. कारागिराच्या मुलाला हे काम मानवले नसते तरच नवल. पुढे वाचकाला जे अद्भुत वाटेल, त्याचे मूळ या कारखान्यात आहे. पोलादाची बारीक सळई कशी घासावी, तिला दात कसे पाडावेत आणि ती मोडू नये म्हणून कशी तापवून थंड करावी, हे मार्टिनला पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

शस्त्रागाराबरोबरच त्याने नीळ पिकविली, सावकारी केली, इमारती बांधल्या आणि अमाप पैसा मिळविला. हजारो ग्रंथ, चित्रे आणि वैज्ञानिक उपकरणे जमविली. युरोपात माँगोल्फिए बंधूंनी १७८३ मध्ये फुगा आकाशात सोडला आणि दोनच वर्षांनी मार्टिनने लखनऊमध्ये गरम हवेचा फुगा उडवून दाखविला. चित्रकार योहान झोफानी याने रंगविलेल्या, कोंबड्यांच्या झुंजीच्या प्रसिद्ध चित्रात लखनऊच्या दरबारी मंडळींमध्ये मार्टिनही दिसतो. महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणी उभारणारा सेनापती द बॉइन्य हा मार्टिनचा जिवलग मित्र आणि व्यवहारातील भागीदार होता. त्यामुळे मराठ्यांच्या इतिहासाशीही त्याचे नाव अप्रत्यक्षपणे जोडलेले आहे.

सुरी की यातना?

मूत्राशयात लघवी साचून राहिली, की तिच्यातील क्षार खाली बसतात आणि त्यांचा थरावर थर चढून खडा तयार होतो. तो मूत्राशयाच्या तोंडाशी आला की धार मध्येच तुटते, वेदना मांडीपर्यंत जातात आणि लघवी पूर्णपणे तुंबली तर जीव कासावीस होतो. हा रोग अठराव्या शतकात फार मोठ्या प्रमाणावर आढळे. सुश्रुतसंहितेत त्याला अश्मरी म्हटले असून छेद घेऊन खडा काढण्याची रीत सांगितली आहे. मात्र ती शस्त्रक्रिया इतकी जोखमीची मानली होती, की राजाची अनुमती घेऊनच ती करावी, असा दंडक होता.

युरोपातही स्थिती वेगळी नव्हती. रुग्णाला टेबलावर बांधून, चार माणसांनी धरून, गुदद्वाराच्या पुढील भागात सुरीने छेद घेत आणि चिमट्याने खडा ओढून काढीत. भूल देण्याची विद्या अस्तित्वात नव्हती. ईथरचा जाहीर वापर व्हायला १८४६ साल उजाडावे लागले. रक्तस्रावाने वा जखम पिकून अनेक रुग्ण दगावत. इंग्रज रोजनिशीकार सॅम्युएल पीप्स याचा खडा १६५८ मध्ये असाच काढण्यात आला. तो वाचला आणि त्या दिवसाच्या वार्षिक स्मरणार्थ मेजवानी देऊ लागला, यावरून त्या शस्त्रक्रियेची दहशत काय असेल, याची कल्पना यावी.

नळीचा वापर मात्र तेव्हाही नवा नव्हता. तुंबलेली लघवी काढण्यासाठी धातूच्या नळ्या प्राचीन काळापासून वापरात होत्या. अमेरिकेचे मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७५२ मध्ये, खड्याने त्रस्त झालेला आपला भाऊ जॉन याच्यासाठी चांदीची लवचिक नळी सोनाराकडून करवून घेतली होती. मार्टिनने नळीचा उपयोग एक पाऊल पुढे नेला. नळी लघवी बाहेर काढण्याची वाट आहे, तर तीच वाट हत्यार आत नेण्यासाठी का वापरू नये, असा विचार त्याने केला.

सहा महिन्यांची चिकाटी

त्याचे हत्यार दिसायला साधे होते. विणायच्या सुईसारखी पोलादाची बारीक सळई, तिच्या टोकाकडील भागावर कानशीसारखे दात आणि धरण्यासाठी देवमाशाच्या जबड्यातील लवचिक पट्टीची मूठ. आधी पोकळ नळी मूत्रमार्गातून मूत्राशयापर्यंत न्यायची. मग तिच्यातून ही कानस आत सरकवायची. टोक खड्याला टेकले की हलक्या हाताने पुढे-मागे घासायचे. खड्याचा झिजलेला भुगा लघवीवाटे बाहेर पडे. डोळ्यांना काही दिसण्याचा प्रश्नच नव्हता. हाताला लागणारा खरखरीत स्पर्श आणि आत उठणारी कळ, एवढ्यावरच सारे अवलंबून होते. कानस खड्याऐवजी मूत्राशयाच्या भिंतीला लागली, तर वेदना तत्काळ सांगत असे. या एका बाबतीत रुग्ण आणि वैद्य एकच असणे उपकारक ठरले. दुसऱ्याच्या हाताला ती वेदना कळली नसती.

हा क्रम १७८२ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला. चोवीस तासांत कधी कधी बारा वेळा तो हे करीत असे. उन्हाळा सरला, पावसाळा आला, गोमतीला पूर आला आणि ओसरला. मार्टिनचे काम थांबले नाही. अखेरीस खडा नाहीसा झाला आणि तो पुन्हा आपल्या उद्योगांना लागला. त्यानंतर तो अठरा वर्षे जगला. तिसऱ्या म्हैसूर युद्धात, जेथे हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा इंग्रजांच्या मित्रपक्षात होत्या, त्या मोहिमेत लॉर्ड कॉर्नवॉलिसबरोबर मार्टिनही गेला होता. खड्याने जर्जर झालेल्या माणसाला घोड्यावर बसणेही अशक्य होते, हे लक्षात घेतले म्हणजे या मोहिमेचे मोल कळते.

या यशाचे रहस्य काय? धाडस हे त्याचे एक उत्तर झाले. पण केवळ धाडसाने एका दिवसात खडा फोडायला गेलेला माणूस बहुधा त्याच दिवशी मेला असता. मार्टिनने थोडे थोडे, पण न चुकता केले. त्याने आपल्या भव्य प्रासादाला ‘कॉन्स्टँशिया’ हे नाव दिले. त्याचा अर्थ सातत्य, चिकाटी. श्रम आणि चिकाटी हेच त्याचे बोधवाक्य होते. ते त्याने भिंतीवर कोरण्यापूर्वी स्वतःच्या देहावर आजमावले होते.

लाज नव्हे, माहिती

मार्टिनची खरी थोरवी याहून पुढची आहे. जे केले ते त्याने झाकून ठेवले नाही. आपल्या आजाराचे, हत्याराचे आणि पद्धतीचे वर्णन त्याने पत्राद्वारे कळविले आणि १७९९ मध्ये ते लंडनच्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. कंपनीच्या लष्करातील एक उच्च अधिकारी, नवाबाच्या दरबारातील एक धनाढ्य आसामी, आपल्या गुप्तांगात नळी कशी घातली, हे जगाला सांगत होता. हेतू हा, की याच यातना भोगणाऱ्या इतरांना उपयोग व्हावा. पॅरिसमध्ये जाँ सिव्हियाल याने १८२४ मध्ये मूत्रमार्गातून यंत्र घालून रुग्णाच्या मूत्राशयातील खडा यशस्वीरीत्या फोडला. त्यानंतर या पद्धतीचा उगम कोठे, याविषयी युरोपात जी चर्चा रंगली, तीत लखनऊच्या मार्टिनचेही नाव निघू लागले. पुढे १९८० मध्ये म्युनिक येथे शरीराबाहेरून आघातलहरी सोडून मूत्रपिंडातील खडा फोडण्यात आला आणि या प्रवासाला निराळेच वळण मिळाले.

मार्टिनचे चरित्र निर्दोष नव्हते, हेही सांगणे आवश्यक आहे. त्याची संपत्ती अवधच्या खजिन्याला लागलेल्या गळतीच्या काळात वाढली. बोलोन नावाच्या मुलीला त्याने अल्पवयात विकत घेतले आणि तीच पुढे त्याची सहचारिणी झाली. मृत्युपत्रात त्याने तिच्या निर्वाहाची तरतूद केली. पण माणसांच्या खरेदी-विक्रीचा तो काळ आणि त्यातील मार्टिनचा सहभाग नजरेआड करता येत नाही.

आणि त्याचा विजयही कायमचा ठरला नाही. अखेरच्या काळात मूत्राशयाचे दुखणे पुन्हा उलटले. या वेळी वय साठीपुढे गेले होते. १ जानेवारी १८०० रोजी त्याने आपले विस्तृत मृत्युपत्र केले, आणि त्याच वर्षी १३ सप्टेंबरला लखनऊमध्ये त्याचे निधन झाले. कॉन्स्टँशिया तेव्हा पुरती बांधूनही झाली नव्हती. त्याच इमारतीच्या तळघरात त्याला पुरण्यात आले. १८५७ च्या उठावात ते थडगे फोडले गेले. पुढे ते पुन्हा सिद्ध करण्यात आले. मृत्युपत्रावरील दीर्घ न्यायालयीन वादानंतर लियोंमध्ये १८३३, कोलकात्यात १८३६ आणि लखनऊमध्ये १८४५ साली त्याच्या पैशांतून शाळा सुरू झाल्या.

कानशीकडून नळीकडे

मार्टिनने केले ते आज कोणीही करू नये, हे वेगळे सांगायला नको. खड्यावर घरगुती हत्यार चालविणे म्हणजे मूत्राशय फाडून घेणे होय. मार्टिनच्या काळी जंतूंचे ज्ञान नव्हते. उकळलेले पाणी आणि साबण यांचे महत्त्व कोणाला ठाऊक नव्हते. तो वाचला यात त्याच्या कौशल्याइतकाच दैवाचाही वाटा होता.

मात्र रुग्णाने स्वतःच्या हाताने, ठरावीक वेळाने, घरच्या घरी नळी घालायची ही कल्पना आज वैद्यकमान्य आहे. तिला मान्यता मिळायला मार्टिननंतर पावणेदोनशे वर्षे लागली. दुसऱ्या महायुद्धात मणक्याला दुखापत झालेले सैनिक जखमेपेक्षा लघवीच्या जंतुसंसर्गानेच अधिक दगावत. इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल रुग्णालयात १९४४ पासून डॉ. लुडविग गुटमन यांनी अशा सैनिकांचे मूत्राशय ठरावीक अंतराने, निर्जंतुक नळीने रिकामे करण्याची शिस्त घातली. पुढे १९७२ मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे डॉ. जॅक लॅपिडीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक धाडसी गोष्ट मांडली. नळी पूर्ण निर्जंतुक नसली, केवळ स्वच्छ असली, तरी चालते. खरा धोका मूत्राशय तुडुंब भरून ताणले जाण्यात आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. ताणलेल्या मूत्राशयाच्या भिंतीचा रक्तपुरवठा कमी होतो आणि तेथे जंतूंचे फावते. त्यामुळे वेळेवर रिकामे करणे हेच सर्वात मोठे संरक्षण. या एका विचाराने असंख्य रुग्णांची रुग्णालयातून आणि कायम लटकणाऱ्या पिशवीतून सुटका झाली.

आज ही पद्धत शिकविताना डॉक्टर आणि परिचारिका जे सांगतात, ते थोडक्यात असे. हात साबणाने स्वच्छ धुवावेत. जागा पाण्याने पुसून घ्यावी. नळीला जेली लावावी. श्वास सोडत, अंग सैल ठेवून ती हळूहळू सरकवावी; लघवी येऊ लागली की थांबावे. अडथळा जाणवला तर जोर लावू नये, क्षणभर थांबून दीर्घ श्वास घ्यावा. धार पूर्ण थांबल्यावरच नळी सावकाश बाहेर काढावी. साधारणतः एका वेळी चारशे ते पाचशे मिलिलिटरपेक्षा जास्त लघवी साचू न देणे हे उद्दिष्ट असते. किती वेळा आणि कोणत्या आकाराची नळी, हे ज्याचे त्याचे डॉक्टर ठरवितात. एकदाच वापरायची नळी धुऊन पुन्हा वापरण्याचा निर्णयही त्यांना विचारूनच घ्यावा. थंडी वाजून ताप येणे, ठळक रक्त जाणे, लघवी गढूळ व दुर्गंधीयुक्त होऊन पोट दुखणे, किंवा नळी आत जातच नसणे ही लक्षणे दिसली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

पहिले दोन-चार दिवस हात थरथरतो, नळी नको त्या क्षणी घसरते, आपण आता कायमचे परावलंबी झालो, असेही वाटते. परंतु बहुतेकांना ही क्रिया आठवडा-दोन आठवड्यांत अंगवळणी पडते आणि मग ती दात घासण्याइतकीच सवयीची होते. नोकरी करता येते, कोपरीहून लोकलने प्रवास करता येतो, गावी लग्नाला जाता येते. त्यासाठी घरातील एका तरी माणसाला हे ठाऊक असणे आणि स्नानगृहाचे दार दहा मिनिटे बंद राहिले तर कोणी ते ठोठावू नये, एवढी समज घरात असणे पुरेसे आहे.

तोफा ओतणाऱ्या, नवाबांबरोबर उठबस असलेल्या एका सेनानीला आपला आजार जगापुढे मांडण्यात कमीपणा वाटला नाही. त्याच्या हातातील कानस आता संग्रहालयाच्या जमान्यात जमा झाली असून तिची जागा मऊ, निरुपद्रवी नळीने घेतली आहे. त्याची चिकाटी आणि त्याचा मोकळेपणा या दोन गोष्टी मात्र, शस्त्रक्रियेनंतर घरी बरे होत असलेल्या प्रत्येक रुग्णाने आणि त्याच्या कुटुंबीयांनी जरूर घ्याव्यात अशा आहेत.